स्केच येतं, थ्रीडी येतं, सुताराचा हात नाही: फर्निचर डिझायनर होता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: इंटिरिअर डिझाइनचा डिप्लोमा झालाय, स्केच आणि थ्रीडी रेंडर (संगणकावरची हुबेहूब चित्रं) चांगले जमतात, यापुढे फक्त फर्निचरचंच काम करायचंय. मग आता कोणतं सॉफ्टवेअर शिकायचं, पुन्हा पदवी घ्यावी लागेल का, आणि हाताने सुतारकाम येणं गरजेचं आहे का?

तिन्हींची उत्तरं देते, पण माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. रेंडरमध्ये टेबलाचे पाय वरच्या फळीला नुसते टेकलेले असतात आणि तरी टेबल उभं राहतं. प्रत्यक्षात त्या जागी काहीतरी करावं लागतं: सांधा, स्क्रू, लोखंडी प्लेट, ग्लू. ते काय असेल, किती जाडीच्या लाकडात बसेल, कोणत्या क्रमाने जोडलं जाईल आणि पाच वर्षांनी त्याचं काय होईल, हे ठरवण्यात फर्निचर डिझायनरचा निम्म्याहून जास्त वेळ जातो. तुमच्याकडे आकार सुचण्याचं कौशल्य आहे. सांधा सुचण्याचं कौशल्य कमवायचं बाकी आहे.

हे किती खोलवर लागेल ते तुम्ही कुठे काम करणार यावर ठरतं. कारखान्यासाठी डिझाइन केलंत तर बोर्ड, हार्डवेअर, मशीनच्या मर्यादा आणि पॅकिंग यांना महत्त्व. एकेक नग बनवणाऱ्या स्टुडिओत गेलात तर भरीव लाकूड, हातचे सांधे आणि ग्राहकाशी बोलणं. इंटिरिअर फर्मसाठी ड्रॉइंग काढणार असाल तर जागेवरची मापं आणि बिनचूक कटिंग लिस्ट, म्हणजे कापायच्या प्रत्येक तुकड्याच्या मापांची यादी. एकच माणूस या तिन्हींत सारखाच तरबेज क्वचित असतो. पण पुढे जे लिहितेय ते तिन्हीकडे लागतंच.

खुर्चीपासून सुरुवात करू, कारण खुर्ची काही लपवू देत नाही. माणूस मागे रेलतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण येतो तो मागचा पाय आणि सीटखालची बाजूची पट्टी जिथे मिळतात त्या सांध्यावर. अंदाजी गणित करून बघा. पाठीवर सीटपासून ४०० मिमी उंचीवर ४० किलोचा जोर पडला, तर दोन्ही बाजूंना वाटून प्रत्येक सांध्याच्या वाट्याला ८,००० किलो-मिमी (जोर गुणिले उंची) येतात. पट्टी ६० मिमी उंच असेल तर सांध्यात वर-खाली मिळणारं अंतर फार तर ४० मिमी. म्हणजे सांध्याच्या एका कडेला सुमारे २०० किलोची ओढ आणि दुसऱ्या कडेला तेवढाच दाब. तीच पट्टी ८० मिमी केली की हा आकडा १४० च्या आसपास उतरतो. खाली पायांना आडव्या दांड्या दिल्या की ताण आणखी वाटला जातो. स्केचमध्ये ती पट्टी ४० मिमीची नाजूक छान दिसते, पण नेमका तिथेच वर्षभरात सांधा ढिला होतो. म्हणून कोणाचंही खुर्चीचं डिझाइन समोर आलं की मी आधी तो कोपरा बघते, पाठीचा बाक नंतर.

या सांध्यासाठी मॉर्टिस-टेनन वापरायचा, म्हणजे एका लाकडात भोक आणि दुसऱ्याला त्यात बसणारी जीभ, तर जिभेची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात. त्याहून जाड केली तर भोकाच्या भिंती पातळ होऊन पाय उभा चिरतो, त्याहून पातळ केली तर जीभच मोडते. मागच्या पायात बाजूची आणि मागची अशा दोन पट्ट्यांच्या जिभा एकमेकींना काटकोनात भेटतात. तिथे दोन्ही भोकं एकमेकांत घुसतात आणि पाय आतून पोकळ होतो. जिभांची टोकं ४५ अंशांत कापायची की एक पट्टी थोडी वर घ्यायची, हा निर्णय डिझायनरने कागदावरच घ्यायला हवा. सुतारावर सोडला तर तो त्याच्या सोयीने घेईल, आणि प्रत्येक खुर्चीत वेगळा घेईल.

नाजूक खुर्ची टिकत नाही, असा याचा अर्थ नाही. इटालियन डिझायनर जिओ पाँती यांची १९५७ सालची सुपरलेजेरा खुर्ची अवघ्या १.७ किलोची आहे. तिचे पाय त्रिकोणी छेदाचे आहेत, म्हणजे लाकूड नेमकं कुठे हवं आणि कुठून काढता येईल याचा विचार करून वजन उतरवलेलं आहे. बारीकपणा हवा असेल तर तो असा मिळवावा लागतो.

दुसरी गोष्ट, लाकूड हलतं. इंटिरिअरच्या अभ्यासात यावर फार वेळ दिला जात नाही आणि नव्या डिझायनरांच्या चुका इथेच सर्वाधिक होतात. हवेतला दमटपणा वाढला की भरीव लाकूड रुंदीत फुगतं, कमी झाला की आकसतं. लांबीत मात्र ते जवळजवळ बदलत नाही. सपाट चिरलेल्या सागाची ९०० मिमी रुंद टेबलाची फळी धरा. लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला तर ती सहा-सात मिमी कमीजास्त होते, आणि ओकची असेल तर त्याच्या जवळपास दुप्पट. ही हालचाल थांबवता येत नाही, तिला वाट करून द्यावी लागते. फळी खालच्या चौकटीला सरळ स्क्रूने घट्ट आवळली तर कोरड्या दिवसांत ती मधोमध फाटते, आणि फाटण्याचा आवाज बंदुकीच्या बारासारखा येतो. त्याऐवजी चौकटीच्या आत खाच घेऊन लाकडी बटणं लावायची किंवा लांबट भोकातून वॉशरसह स्क्रू घालायचा. फळीच्या टोकाला आडवी पट्टी हवी असेल तर तिला ग्लू फक्त मधल्या ८०-१०० मिमीत. बाकीची पट्टी फळीला सरकू देईल अशी. ही एक बाब ड्रॉइंगवर नीट दाखवलेली दिसली की डिझायनरला काम कळतं हे वर्कशॉप लगेच ओळखतं.

प्लाय, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) यांत ही हालचाल नगण्य असते, पण त्यांचं दुखणं निराळं. बोर्डाच्या एकाच बाजूला लॅमिनेट लावलं की तो काही दिवसांत वाकतो. मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचं काहीतरी लावून तोल साधावा लागतो. शिवाय बोर्ड वजनाखाली झुकतो. पुस्तकांनी भरलेल्या शेल्फवर मीटरला साधारण ३० किलो वजन येतं. १८ मिमी जाड, २८० मिमी खोल पार्टिकल बोर्डाची फळी ९०० मिमी लांब ठेवली तर ती मध्ये सातेक मिमी झुकते, ६०० मिमीला जेमतेम दीड. कारण भरलेल्या फळीचा झुकाव लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि जाडीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो. त्यातून पार्टिकल बोर्ड वर्षानुवर्षं हळूहळू आणखी खाली बसत जातो. म्हणून लांबी कमी करायची, मधे उभी फळी द्यायची, किंवा पुढच्या कडेला ४० मिमी उंच भरीव पट्टी चिकटवायची. ही पट्टी सगळ्यात स्वस्तात पडते आणि फळी दिसायलाही भरदार होते.

आता ड्रॉवर. डिझायनरने मापं कशी विचारात घ्यायची ते यातून सगळ्यात स्पष्ट समजतं. कपाटाची बाहेरून रुंदी ६०० मिमी, दोन्ही बाजू १८ मिमीच्या. आतली रुंदी ५६४. टेलिस्कोपिक चॅनलला, म्हणजे ज्यावर ड्रॉवर सरकतो त्या धातूच्या पट्टीला, दोन्हीकडे १२.७ मिमी जागा लागते, म्हणजे ड्रॉवरचा खोका बाहेरून ५३८.६, आणि त्याच्या बाजू १२ मिमीच्या असतील तर पुढची-मागची फळी ५१४.६. हिशोब चोख आहे. पण १८ म्हणून आलेला प्लाय मोजला तर १७.२ भरू शकतो. मग आतली रुंदी ५६५.६ होते, ड्रॉवर १.६ मिमीने सैल पडतो, आणि चॅनलला सहन होणारी चूक अर्ध्या ते एक मिमीचीच असते. ड्रॉवर खडखडतो किंवा चॅनलमधून सुटतो, आणि दोष सुतारावर येतो. याला उपाय दोन. एक, बोर्ड आल्यावर पाच-सहा ठिकाणी कॅलिपरने मोजून मगच कटिंग लिस्ट पक्की करायची. दोन, ड्रॉइंगमध्ये ड्रॉवरचं माप आकड्याने न लिहिता ‘आतली रुंदी वजा २५.४’ असं लिहायचं, म्हणजे कपाट तयार झाल्यावर प्रत्यक्ष मोजून ड्रॉवर कापला जातो. कारखान्यात पहिला उपाय, एकेका नगाच्या कामात दुसरा.

हार्डवेअरचे काही आकडे तोंडपाठच असू द्या. कप बिजागरीचं, म्हणजे दाराच्या आत गोल खड्ड्यात बसणाऱ्या बिजागरीचं, भोक ३५ मिमी व्यासाचं. कारखान्यातल्या कपाटांना ५ मिमीची भोकं ३२ मिमी अंतराने असतात आणि त्यांची पहिली रांग पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर. तुमचं कपाट या जाळीत बसलं की शेल्फ, बिजागरी, चॅनल सगळं त्याच भोकांत लागतं. नाही बसलं तर प्रत्येक नगाला वेगळं ड्रिलिंग करावं लागतं.

बोर्डाच्या आकाराचंही तेच. सर्वसाधारण शीट २४४० बाय १२२० मिमीची. कपाटाची खोली ६०० ठेवली तर शीटमधून दोन पट्ट्या निघतात, करवतीचे ४ मिमी जाऊन कडा साफ करायला १६ मिमी उरतात. खोली ६१० केली की दुसरी पट्टी बसत नाही आणि जवळजवळ अर्धी शीट वाया जाते. दहा मिमीचा हा निर्णय ग्राहकाच्या नजरेलाही येत नाही, खर्चात मात्र ठळक दिसतो.

आता शरीराची मापं. जेवणाच्या खुर्चीची सीट जमिनीपासून ४३० ते ४६० मिमी, टेबल ७२० ते ७६०, आणि या दोन आकड्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्यांतलं अंतर: २७० ते ३००. अंतर कमी झालं तर मांड्या अडकतात, जास्त झालं तर खांदे उचलून जेवावं लागतं. सीटची खोली ४०० ते ४५०. त्याहून खोल झाली तर बुटक्या माणसाच्या गुडघ्यामागे कड रुतते आणि तो पाठ टेकवतच नाही. सीटला मागे तीन ते पाच अंशांचा उतार, पाठ सीटशी ९५ ते १०५ अंशांत. टेबलाशी माणशी ६०० मिमी रुंदी. गादीची सीट असेल तर उंची माणूस बसल्यानंतरची धरायची, कारण फोम २५-३० मिमी सहज दबतो. हात असलेल्या खुर्चीत आणखी एक मेख आहे. हात सीटपासून २०० ते २३० मिमी वर असतात, म्हणजे सीट ४५० वर असेल तर जमिनीपासून ६५० ते ६८०. टेबलाच्या चौकटीची खालची कड ६३० वर असेल तर खुर्ची आत जाणारच नाही.

हे आकडे सरासरीचे आहेत. वापरणारा ठरलेला असेल तर त्याच्या गुडघ्यामागच्या खळगीची जमिनीपासूनची उंची मोजा आणि त्यावरून सीट ठरवा. सगळ्यांसाठी बनवायचं असेल तर बसण्याची उंची-खोली लहान चणीच्या माणसाला सोसेल अशी आणि टेबलाखाली पायांसाठीची मोकळी जागा उंच माणसाला पुरेल अशी. मधल्या माणसासाठी केलेलं माप दोन्हीकडच्यांना त्रास देतं.

आणि मापं पडद्यावर कळत नाहीत. खुर्चीची बाजूची आकृती पूर्ण आकारात कागदावर काढून भिंतीला लावा, सीटची रेघ जमिनीपासून बरोबर उंचीवर येईल अशी. मग टाकाऊ प्लाय आणि जाड पुठ्ठ्याची नमुना खुर्ची करा, पाठीचा कोन पाचर घालून बदलता येईल अशी. तिच्यावर निदान वीस मिनिटं बसा, वेगवेगळ्या उंचीच्या तीन-चार जणांना बसवा. पहिल्या दोन मिनिटांत सगळ्याच खुर्च्या बऱ्या वाटतात. कमरेचा आधार चुकलाय हे दहाव्या मिनिटाला समजतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, सॉफ्टवेअर. कपाटं आणि चौकोनी कामासाठी स्केचअप आणि एखादं टूडी कॅड पुरतं. उत्पादनासाठी डिझाइन करणार असाल तर मापं एकमेकांना बांधून ठेवणारं सॉफ्टवेअर शिका, सॉलिडवर्क्स किंवा फ्यूजनसारखं. तिथे बोर्डाची जाडी १८ ची १७.२ केली की ड्रॉवरपर्यंतचं सगळं आपोआप बदलतं. वळणदार आकारांसाठी राइनो. यांतलं एक नीट येणं चार अर्धवट येण्यापेक्षा उपयोगाचं. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, काम जाणार असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: गोल फिरणारं पातं आतला कोपरा काटकोनात कापू शकत नाही. ६ मिमीच्या पात्याने कोपऱ्यात ३ मिमीची गोलाई राहते आणि चौकोनी फळी त्या खाचेत बसत नाही. एकतर कोपऱ्यात जास्तीचं भोक घ्या किंवा आत जाणाऱ्या फळीचा कोपरा गोल करा.

पण सॉफ्टवेअरपेक्षा ड्रॉइंगचा संच नीट देता येणं मोठं. वर्कशॉपला रेंडरचा उपयोग नसतो. त्यांना हवं असतं: एकूण मापांचं चित्र, सुटे भाग दाखवणारं चित्र, प्रत्येक भागाचं माप आणि लाकडाच्या रेषांची दिशा, कोणत्या कडांना एज बँडिंग (कड झाकणारी चिकटपट्टी) आणि किती जाडीचं, सांध्यांचे तपशील पूर्ण आकारात, हार्डवेअरची यादी, फिनिशचा मंजूर झालेला तुकडा. प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख. जुनं पान वर्कशॉपच्या भिंतीवर राहून गेलं आणि त्यावरून माल कापला गेला, ही या धंद्यातली सगळ्यात नेहमीची आणि सगळ्यात महागडी चूक आहे.

सुरक्षिततेबद्दल थोडं, पण ते ऐच्छिक समजू नका. उंच ड्रॉवरचं कपाट सगळे ड्रॉवर उघडल्यावर पुढे झुकतं, आणि मूल ड्रॉवरवर चढलं तर उलटतं. अमेरिकेत २०२३ पासून कपड्यांच्या अशा कपाटांना भरलेले उघडे ड्रॉवर, खालचा गालिचा आणि सुमारे २७ किलोच्या मुलाचं वजन धरून चाचणी सक्तीची आहे. तुमच्याकडे नियम असो नसो, पाया रुंद करा, मागचा भाग जड ठेवा, एका वेळी एकच ड्रॉवर उघडेल असं कुलूप द्या, आणि भिंतीला बांधायची पट्टी मालासोबतच पाठवा. घरगुती खुर्च्यांच्या मजबुतीसाठी ईएन १२५२० हे युरोपीय मानक आहे. कारखान्यात गेलात तर त्यातल्या चाचण्या समजून घ्या, म्हणजे डिझाइन करतानाच कुठे मोडेल ते दिसू लागतं.

खर्चाचा अंदाज बांधता येणं हेही डिझाइनचंच कौशल्य आहे. शीटच्या कामात दहा ते पंधरा टक्के माल वाया धरा. भरीव लाकडात रंधा, गाठी आणि चिरा जाऊन पाव ते तिसरा हिस्सा सहज जातो, कधी त्याहून जास्त. मजुरी तासांत मोजा, आणि पॉलिशचे तास वेगळे, कारण तेच नेहमी कमी धरले जातात. पॅकिंग शेवटी आठवून चालत नाही. फर्निचर बनवणारे मिखाएल थोनेट यांची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट यांची होती, आणि सुट्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. दूरवर माल पाठवायचाय हे त्या डिझाइनमध्येच धरलेलं होतं.

पदवी? मोठ्या कंपनीत डिझायनर म्हणून शिरायचं असेल तर तिचा उपयोग होतो, आणि चांगल्या संस्थेत वर्कशॉप, मशीन आणि टीका करणारे लोक एकत्र मिळतात हा खरा फायदा. पण तुमचा डिप्लोमा झालेला आहे. दोन वर्षं आणि तेवढा पैसा घालण्याआधी सहा महिने ते वर्षभर एखाद्या वर्कशॉपमध्ये काम करता आलं तर ते आधी करा. पदवी घ्यायचीच ठरली तरी त्यानंतर तिथे काय विचारायचं हे तुम्हाला ठाऊक असेल.

सुतारकामाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सुताराइतका हात लागत नाही, पण प्रत्येक महत्त्वाचं काम एकदा तरी स्वतःच्या हाताने केलेलं असावं. तीन वस्तू बनवा. पहिली, दोन ड्रॉवरचा प्लायचा खोका. यात बोर्डाची जाडी, काटकोन आणि चॅनल समजतात. कर्ण दोन्हीकडून मोजून सारखे आले की खोका काटकोनात. एका मिमीचा फरक राहिला तरी ड्रॉवरचा दर्शनी भाग तिरका दिसतो. दुसरी, तिरप्या पायांचं स्टूल, मॉर्टिस-टेनन लावून. कोन कागदावर एक असतो आणि लाकडावर धरताना दुसराच, हे त्यातून उमगतं. तिसरी, भरीव लाकडाची फळी असलेलं लहान टेबल, फळी सरकू देणाऱ्या जोडणीसह. ते वर्षभर घरात ठेवा आणि दर दोन महिन्यांनी फळीची रुंदी मोजून खालच्या बाजूला पेन्सिलीने तारखेसकट लिहून ठेवा.

पोर्टफोलिओत याच वस्तू टाका. वीस रेंडरपेक्षा पूर्णत्वाला नेलेली तीन-चार कामं पुरेत. प्रत्येकात पहिलं स्केच, पुठ्ठ्याचा नमुना, एका सांध्याचं पूर्ण आकारातलं ड्रॉइंग, कटिंग लिस्टचं पान आणि तयार वस्तूचा फोटो, त्यात खालून घेतलेलाही एक. पहिल्या नमुन्यात काय चुकलं आणि दुसऱ्यात काय बदललं ते दोन ओळींत लिहा. मुलाखत घेणारा माणूस अनुभवी असेल तर तो खालून घेतलेल्या फोटोवर थांबेल आणि फळी कशी बसवली ते विचारेल.